सही करू का, मॅडम?

वाचकांचे प्रश्न, वकिलांची उत्तरं

गेल्या अंकात पोटगीवर लिहिताना शेवटी सहज एक ओळ टाकली होती की अहो बापांनो, तुम्हीही विचारा की काहीतरी, सगळी पत्रं आयांचीच येतात. झालं. पंधरा दिवसांत एवढी पत्रं आली की संपादक म्हणाले आता पूर्ण जागाच घ्या. बहुतेक ठाणे, मुंब्रा, ऐरोली, खारघर ह्याच पट्ट्यातली, आणि जवळजवळ प्रत्येकात एक वाक्य आहेच, "बापाला काही हक्क असतो की नाही?" असतो. पण मी वीसेक वर्षं कोर्टनाक्याच्या आसपास ह्याच केसेस बघतेय आणि फॅमिली कोर्टात जजसाहेब हक्काचं नंतर काढतात, आधी विचारतात पोरगी कितवीत आहे, वर्गशिक्षिकेचं नाव काय, कुठलं औषध तिला चालत नाही. तिथे भलेभले गप्प बसतात. तेव्हा कायदा सांगतेच, पण मधेमधे हजेरीबद्दलही बोलणार, चालवून घ्या. पत्रं थोडी छाटलीयेत, ओळख कळेल असं सगळं बदललंय.

प्रश्न : मॅडम, मी कोपरखैरण्याला राहतो. २०२१ ला आमचा म्युच्युअल डिव्होर्स झाला. मुलगी आता ९ वर्षांची, कस्टडी आईकडे, मला दुसरा आणि चौथा शनिवार. मधे दीड वर्ष मी कामासाठी बाहेरगावी होतो त्यामुळे भेटी झाल्या नाहीत, फोनही कमीच. आता तिच्या आईने दुसरं लग्न केलंय. मागच्या आठवड्यात कुरिअरने ५०० च्या स्टॅम्प पेपरवर एक कागद आलाय, त्यात लिहिलंय की मी मुलीवरचे सगळे हक्क स्वखुशीने सोडतो आणि तिच्या नवीन वडिलांनी तिला दत्तक घ्यायला माझी हरकत नाही. सोबत मेसेज की सही केलीस तर पोटगी बंद. सही करू का? नाही केली तर ते तसंच करून टाकतील का?

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचं आधी सांगते. नाही, तसंच करून टाकता येत नाही. १९५६ चा हिंदू दत्तक आणि पोटगी कायदा आहे, त्याच्या कलम ९ प्रमाणे मूल दत्तक द्यायचा अधिकार आई आणि बाप दोघांना सारखा आहे पण एकाने दुसऱ्याच्या संमतीशिवाय तो वापरायचा नाही. संमती लागत नाही अशा जागा तीनच, दुसऱ्याने संन्यास घेतलाय, धर्म बदलून तो हिंदू राहिलेला नाही, किंवा कोर्टाने त्याला वेडा ठरवलंय. ह्या तिन्हीत घटस्फोट कुठे आहे का बघा. नाही. कस्टडी आईकडे असणं पण नाही. लोकांचा इथेच गोंधळ होतो, त्यांना वाटतं कस्टडी गेली म्हणजे बापपण गेलं, तर कस्टडी म्हणजे मूल रोज कोणाकडे झोपतं एवढंच, बाप तुम्ही आहातच.

दुसरी वाट असते ती 'कारा'च्या, म्हणजे दत्तकाचं काम बघणाऱ्या केंद्र सरकारच्या यंत्रणेच्या, पोर्टलवरून, सावत्र आई-बापासाठीची. तिथेही सख्ख्या आई-बापाची संमती ठरलेल्या नमुन्यात लागते, आणि कस्टडीचा वाद कोर्टात चालू असेल तर तो निकाली निघेपर्यंत दत्तकाची प्रक्रिया सुरूच करायची नसते. म्हणजे दोन्हीकडे दारावर तुम्ही उभे आहात.

आता सही. नका करू. निदान आज तरी नको, आणि पोटगी सुटते म्हणून तर अजिबातच नको. एकदा दत्तक कायदेशीर झालं की ते मागे फिरवता येत नाही, तुम्हाला नाही, तिच्या आईलाही नाही. कायद्याच्या नजरेत ती तुमची मुलगी राहत नाही, वारसा तुटतो, शनिवार तुटतात, तुमची आई तिची आजी राहत नाही. पोटगी बंद होईल हे खरंय, कारण मग ती जबाबदारी नव्या बापाची. पण महिन्याच्या काही हजारांसाठी हा सौदा केलेले दोन गृहस्थ मला माहितीयेत आणि दोघंही नंतर माझ्याकडे आले होते, काही करता येतं का विचारायला. काही करता आलं नाही.

हां, तुम्हाला मनापासून वाटत असेल की तो माणूस चांगला आहे, पोरगी तिथे रुळलीय आणि तिला एक अख्खं घर मिळतंय, तर संमती देणं हा पण बापाचाच निर्णय आहे, त्यात कमीपणा नाही. फक्त तो कुरिअरच्या कागदावर नाही द्यायचा. आणि नुसतं "हक्क सोडतो" लिहून बापपण सुटत नसतं, तसल्या स्टॅम्प पेपरला दत्तक म्हणत नाहीत. शाळेत नाव किंवा आडनाव बदललं तरी त्याला दत्तक म्हणत नाहीत, ते वेगळं भांडण आहे. तिच्या आईने दुसरं लग्न केलं म्हणून आता कस्टडी आपोआप तुमच्याकडे येईल असं कोणी सांगितलं असेल तर तेही डोक्यातून काढा.

आता तुम्हाला टोचेल ते. तुमची खरी कमजोरी तो कागद नाहीये, दीड वर्ष आहे. उद्या कोर्टात समोरचे वकील हेच उघडणार, की साहेब ह्यांना मुलगी कितवीत आहे तेही सांगता येणार नाही. तेव्हा ह्या आठवड्यात दोन गोष्टी करा. एक, वकिलामार्फत साधं लेखी उत्तर, की संमती नाही आणि ठरलेल्या शनिवारी मी भेटायला येतोय. व्हॉट्सअ‍ॅपवर शिव्या नकोत, त्या प्रिंट होऊन कोर्टात येतात. दोन, खरंच जा. पहिल्या वेळी ती तुमच्याशी बोलणार नाही, कदाचित यायलाच तयार होणार नाही. तरी चौथ्या शनिवारी परत जा. तिच्या आईने तिला आणलं नाही तर अर्ज टाका, कोर्टाच्या रोजनाम्यात येऊ द्या की हा माणूस आला होता आणि मूल आणलं नव्हतं.

माझे एक अशील होते, कळव्याचे, शिफ्ट ड्युटीवाले. त्यांच्याकडे एक शंभर पानी वही होती, किराणावाल्याकडे मिळते तसली, कव्हरवर हळदीचा डाग. प्रत्येक भेटीनंतर तलावपाळीवरच्या बाकावर बसून चार ओळी लिहायचे. "बोटीत बसली नाही, घाबरते. मक्याचं कणीस अर्धं खाल्लं. खालचा डावीकडचा दात हलतोय. गणितात भागाकार जमत नाही म्हणाली." बस एवढंच, बायकोबद्दल अख्ख्या वहीत एक वाईट शब्द नाही. उलटतपासणीत समोरच्या वकिलांनी विचारलं तुम्हाला मुलीबद्दल काय माहितीये, ह्यांनी वही काढून दिली. जजसाहेबांनी उभ्या-उभ्या सहा-सात पानं चाळली आणि चष्मा काढून ठेवला. पुढच्या ऑर्डरमध्ये महिन्यातून एक रात्र मुक्काम मिळाला. मी त्या केसमध्ये केलेल्या युक्तिवादापैकी एकही वाक्य त्या ऑर्डरमध्ये नव्हतं, खरं सांगते.

प्रश्न : आम्ही घोडबंदर रोडला राहतो. बायको दीड महिन्यापूर्वी साडेतीन वर्षांच्या मुलाला घेऊन न सांगता माहेरी कराडला गेली. फोन उचलत नाही. पोलीस म्हणतात नवरा-बायकोचं भांडण आहे, एनसी (अदखलपात्र नोंद) घेतो. मी आणि माझा भाऊ गाडी घेऊन मुलाला उचलून आणायला निघालो होतो, आईने थांबवलं. बाप नॅचरल गार्डियन असतो ना? मग आणलं तर काय चुकलं?

उत्तर : आधी आईच्या पाया पडा.

बाप नैसर्गिक पालक असतो हे बरोबर, १९५६ च्या हिंदू अज्ञान (म्हणजे अल्पवयीन) पालकत्वाच्या कायद्यात कलम ६ मध्ये तसंच लिहिलंय, आधी बाप आणि बापानंतर आई. पण १९९९ मध्ये गीता हरिहरन केसमध्ये सुप्रीम कोर्टाने त्या "नंतर" शब्दाचा अर्थच मोकळा केला, बाप मेल्यावरच असं नाही, बाप जिथे लक्ष देत नाही किंवा नसतो तिथेही आई. आणि त्याच कलमात पुढे आहे की ५ वर्षांखालचं मूल साधारणपणे आईकडे. २०१५ मध्ये गोव्याच्या एका केसमध्ये सुप्रीम कोर्टाने हे अजून ठासून सांगितलं, लहान मूल आईकडे नको असं म्हणायचं तर ते बापाने दाखवायचं. तुमचा मुलगा साडेतीनचा. तेव्हा पूर्ण कस्टडी आत्ता मागून हाती लागेल असं मी तुम्हाला सांगणार नाही, फी घेऊनही नाही.

आता उचलून आणणं. तुम्हाला कोणीतरी हुशार नातेवाईक सांगेल की नागपूर खंडपीठाने २०२३ मध्ये म्हटलंय, कोर्टाची मनाई नसताना बापाने स्वतःचं मूल नेलं तर ते अपहरण होत नाही. म्हटलंय. पण गुन्हा होत नाही म्हणजे शहाणपणाचं आहे असं थोडीच होतं, कस्टडीचे जज दुसरंच बघणार, की साडेतीन वर्षांचं पोर आईच्या कडेवरून ओढून हा माणूस रात्रीच्या हायवेने चार-पाच तास घेऊन आला, ते वाटेत किती रडलं असेल. ती एक रात्र पुढची पाच वर्षं तुमच्या फायलीत राहते. १९७३ मध्येच सुप्रीम कोर्टाने लिहून ठेवलंय की मुलं ही आई-बापाची चीजवस्तू नाहीत, तेव्हापासून प्रत्येक निकालात ते वाक्य फिरून येतं आणि ते बापांनाही लागू आहे आणि आयांनाही.

मग काय करायचं तर लवकर अर्ज करायचा. १८९० चा गार्डियन्स अँड वॉर्ड्स कायदा म्हणतो की मूल सर्वसाधारणपणे जिथे राहतं तिथल्या कोर्टात जा. मुलगा जन्मापासून ठाण्यात, त्याची प्लेस्कूल ठाण्यात, लसीकरणाचं कार्ड ठाण्याचं, जाऊन दीड महिनाच झालाय, तर ठाण्याच्या फॅमिली कोर्टात तुमचं म्हणणं उभं राहू शकतं. पण सहा-आठ महिने वाट बघत बसलात आणि तिथे कराडला त्याची शाळा सुरू झाली की मग तुम्हालाच तारखेला कराडच्या बाजूला जावं लागेल असा वाद होणार, त्यामुळे "तिचा राग शांत होऊ दे" म्हणून फार थांबू नका. अर्जात कस्टडी मागा, पण सोबत अंतरिम भेटीचा वेगळा अर्ज पाहिजेच, कारण मुख्य अर्जाला वेळ लागतो आणि खरी लढाई अंतरिमचीच असते. व्हिडिओ कॉल पण मागा. २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने सरळ म्हटलंय की भेटता येत नसेल तर निदान रोज बोलता आलं पाहिजे, मुलाला दोघांचंही प्रेम मिळायचा हक्क आहे. हक्क मुलाचा म्हटलाय हे लक्षात घ्या, तुमच्या अर्जातली भाषा पण तशी ठेवा.

फॅमिली कोर्टात आधी समुपदेशकाकडे पाठवतात. तिथे जाऊन बायकोची गाऱ्हाणी सुरू केलीत तर तो तास गेला. मुलाला रात्री कोण झोपवायचं, तो काय म्हटल्यावर झोपतो, हे सांगता येईल का बघा. नसेल येत तर आजच आईला विचारून घ्या असं मी म्हणणार होते, पण मग ते पाठ केलेलं वाटतं.

आणि हो, मूल ५ वर्षांचं झालं की बापाकडे येतं हा समज चुकीचा आहे. पाचनंतर फक्त आईच्या बाजूचं ते झुकतं माप जातं, मग दोघांना सारख्या काट्यावर तोलतात.

प्रश्न : मुंब्र्याहून. माझा मुलगा ७ वर्षांचा झाला. आमच्यात सातनंतर मुलगा वडिलांकडे येतो ना? त्याची अम्मी देत नाहीये. आणि तिचा भाऊ गोद घेतो म्हणतोय.

उत्तर : हनफी, म्हणजे सुन्नींच्या एका पंथाच्या, कायद्यात मुलगा ७ वर्षांचा होईपर्यंत आणि मुलगी वयात येईपर्यंत सांभाळ आईकडे, हे बरोबर. पण सातव्या वाढदिवसाला तो आपोआप तुमच्या दारात येत नाही, अर्ज त्याच १८९० च्या कायद्याखाली करायचा आणि कोर्ट पर्सनल लॉ बघतं पण मुलाचं हित त्याच्याही वर ठेवतं. मुलगा समजूतदार असेल तर जज चेंबरमध्ये त्याच्याशी बोलूही शकतात. त्याला आधी पढवून नेऊ नका, दोन मिनिटांत कळतं त्यांना. गोद घेण्याचं म्हणाल तर मुस्लिम पर्सनल लॉमध्ये तसं दत्तकच नाही, मामाने सांभाळलं तरी तो मुलगा तुमचाच. २०१४ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाने ज्युव्हेनाइल जस्टिस कायद्याखालची दत्तकाची वाट सगळ्या धर्मांना खुली आहे, पण त्या वाटेवरही बाप असताना बापाला वगळून जाता येत नाही.

प्रश्न : ताई, मी ऐरोलीला असतो, कंपनीत सुपरवायझर आहे. दोन वर्षांपूर्वी बाळंतपणानंतर नवव्या दिवशी माझी मिसेस गेली. बाळ सासूबाईंनी कल्याणला नेलं, मी तेव्हा काही सुचण्याच्या अवस्थेत नव्हतो. दर रविवारी जायचो, पैसे पण देतो. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मेहुण्याने एका कागदावर माझी सही घेतली होती, म्हणाला बाळाला दवाखान्यात न्यायला, डोस द्यायला लागेल. आता मी मुलाला घरी आणायचं म्हटलं तर म्हणतात तू दत्तक दिलास, हा बघ कागद. मुलगा मेहुण्याला पप्पा म्हणतो आणि मला काका. मेहुण्याला स्वतःचा एक मुलगा आहे, दुसरीत. मी हरलोय का?

उत्तर : दादा, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. नाही, हरला नाहीत. उलट ह्या सगळ्या पत्रांमध्ये कायदा सगळ्यात जास्त कोणाच्या बाजूने असेल तर तुमच्या.

तुम्ही शेवटी जी ओळ सहज लिहिलीत ना, मेहुण्याला एक मुलगा आहे, ती आधी धरा. हिंदू दत्तक कायद्याचं कलम ११ म्हणतं की मुलगा दत्तक घ्यायचा असेल तर घेणाऱ्याला त्या वेळी हयात हिंदू मुलगा, नातू किंवा पणतू नसला पाहिजे. त्याला दुसरीतला मुलगा आहे. म्हणजे तुम्ही नाचत-गात सही केली असती तरी ते दत्तक मुळातच होत नाही. ज्याने कोणी तो कागद टाईप करून दिला त्याला हे माहीत नव्हतं, किंवा माहीत असून पैसे घेतले.

तरी बाकीचंही करून ठेवायचं. पहिलं, कागद बघा काय आहे. नुसता नोटरीचा आहे की दुय्यम निबंधकाकडे रजिस्टर झालाय? रजिस्टर झाला असेल तर सर्टिफाइड कॉपी काढता येते. हा फरक महत्त्वाचा, कारण देणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या सहीचा रजिस्टर दस्त असेल तर कोर्ट सुरुवातीला धरून चालतं की दत्तक नीट झालंय आणि मग ते खोटं पाडायचं काम तुमच्यावर येतं. नोटरीच्या कागदाला ते कवच नाही. तसंही नुसत्या सहीने दत्तक होत नाही, मूल दत्तक द्यायच्या हेतूने प्रत्यक्ष दिलं-घेतलं गेलं पाहिजे. आई गेलेली असताना द्यायचा अधिकार एकट्या बापाचा, आजीचा नाही, मामाचा नाही.

दुसरं, तारीख. "हे दत्तक झालेलंच नाही" असं कोर्टाकडून जाहीर करून घ्यायला ३ वर्षांची मुदत असते, तुम्हाला त्या कथित दत्तकाची माहिती झाल्यापासून. ते लोक म्हणतील सही केली त्या दिवशीच माहिती होती. त्या हिशोबाने तुमच्याकडे जेमतेम एक वर्ष उरलंय. म्हणून दिवाळीनंतर बघू वगैरे नको.

तिसरं, कस्टडी. २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टासमोर आपल्याच महाराष्ट्रातली केस होती, आई कॅन्सरने गेली, बाळ आईच्या नातेवाईकांनी सांभाळलं, बापाने मागितलं तर देईनात. हायकोर्टाने आणि मग सुप्रीम कोर्टाने बाळ बापाला दिलं, आणि सांभाळणाऱ्यांना भेटायची मुभा ठेवली. २०२४ मध्ये दिल्लीच्या एका केसमध्येही तसंच झालं, आई गेल्यावर मुलगी मावशीकडे ठेवलेली, ती बापाला परत मिळाली. दुःखाच्या दिवसांत मूल नातेवाईकांकडे ठेवलं म्हणजे बापाने ते टाकलं असं होत नाही. तुमचे रविवार आणि तुम्ही पाठवलेले पैसे हा सगळ्यात मोठा पुरावा, गुगल पे ची हिस्टरी डाउनलोड करून ठेवा.

आता कायद्याबाहेरचं. तो दोन वर्षांचा आहे आणि त्याच्या जगात सासूबाई म्हणजे आई. कोर्टाने उद्या ऑर्डर दिली आणि तुम्ही परवा त्याला उचलून ऐरोलीला आणलंत तर कायद्याने बरोबर असाल पण तो रात्रभर दाराकडे बघत बसेल. माझं ऐका, अर्जातच टप्पे लिहून द्या. पहिले दोन महिने रविवारी दिवसभर, मग एक रात्र, मग शनिवार-रविवार, आणि पूर्ण आल्यावरही आजीकडे दर पंधरवड्याला. असं लिहून देणारा बाप कोर्टाला क्वचित दिसतो. आणि घरी दिवसा त्याला कोण बघणार, तुमची आई येणार का, पाळणाघर कुठलं, हे ठरवून मगच अर्ज करा कारण पहिला प्रश्न तोच येणार. "काका" म्हणतो ह्याचं फार लावून घेऊ नका. त्याला तो शब्द कोणीतरी शिकवलाय, दुसराही शिकेल.

सासूबाईंवर फौजदारी टाका असं कोणी सांगेल. मी नाही सांगणार. त्यांची मुलगी गेलीय.

प्रश्न : मी खारघरला राहतो, वय २५. गर्लफ्रेंड आणि मी दोन वर्षं एकत्र राहत होतो, लग्न नाही. तिला बाळ झालं, तिच्या घरच्यांच्या दबावाने तिने बाळ संस्थेत सरेंडर केलंय असं मला मैत्रिणीकडून कळलं, तीन आठवडे झाले. मला बाळ पाहिजे. ठाण्याला जाऊन चौकशी केली तर काही सांगत नाहीत.

उत्तर : तुम्हाला उत्तर टपालानेच पाठवलं, अंक निघेपर्यंत थांबण्यासारखं नव्हतं. इतरांसाठी इथे थोडक्यात.

खारघर रायगड जिल्ह्यात येतं, ठाण्यात नाही. बालकल्याण समिती जिल्ह्यानुसार असते, म्हणून ठाण्यात काही कळलं नसेल. बाळ कुठे जन्मलं आणि कुठल्या समितीसमोर दिलं ते आधी शोधा.

लग्न न झालेल्या आईने बाळ द्यायचं ठरवलं तर नियमाप्रमाणे तिची एकटीची सही पुरते, लग्न झालेल्या जोडप्याला मात्र दोघांच्या सह्या लागतात. पालकत्वाच्या कायद्यातही विवाहबाह्य मुलाची पालक आधी आई, मग बाप. २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टाने अशा आईला पालकत्व मागताना बापाचं नाव सांगायची किंवा त्याला नोटीस द्यायची गरज नाही असंही म्हटलंय, आणि त्यामागे कारणं आहेत, पळून गेलेले बाप तुमच्यासारख्यांपेक्षा खूप जास्त असतात. तरी दार पूर्ण बंद नाही. सरेंडर झाल्यावर फेरविचाराला २ महिने असतात, त्याच्या आत बाळ दत्तकासाठी मोकळं होत नाही. तुमचे पाच आठवडे शिल्लक होते. २०२१ मध्ये केरळ हायकोर्टाने एकत्र राहणाऱ्या जोडप्याचं बाळ सरेंडरच्या बाबतीत लग्न झालेल्या जोडप्याच्या बाळासारखंच धरायला पाहिजे असं म्हणून अशीच एक प्रक्रिया रद्द केली होती. तो निकाल महाराष्ट्रात बांधील नाही पण मुंबई हायकोर्टात दाखवता नक्की येतो.

म्हणून समितीला लेखी अर्ज, त्याच दिवशीचा पोचशिक्का घेऊन : मी बाप आहे, डीएनए टेस्टला तयार आहे, बाळ सांभाळायला घर आणि माणसंही आहेत. दोघांच्या नावाचा भाडेकरार, दवाखान्याची बिलं, सोनोग्राफीला तुम्ही सोबत असाल तर ते कागद, सगळं जोडा. मोठमोठे शब्द वापरून अर्ज सजवू नका. वकिलाला पैसे नसतील तर १५१०० वर फोन करून जिल्हा विधी सेवा प्राधिकरण विचारा, बायका, मुलं, एससी-एसटी वगैरे सोडून बाकी पुरुषांना उत्पन्नाची मर्यादा आहे पण विचारायला काय जातं. आणि तिच्याशी बोलता आलं तर बोला, भांडायला नको. तिने दोन महिन्यांत स्वतः बाळ मागे घेतलं तर बाकीचं सगळं सोपं होतं. तिच्या दाराबाहेर जाऊन उभे मात्र राहू नका.

प्रश्न : तुम्ही बापांचं पान करताय कळलं म्हणून मुद्दाम लिहितेय. मी वर्तकनगरची. माझा नवरा सात महिने पोटगीचा एक रुपया देत नाही आणि शनिवारी बरोबर अकराला मुलाला न्यायला हजर. मॉलमध्ये फिरवतो, महागडे बूट घेऊन देतो आणि शाळेची फी मी भरते. मी ह्या शनिवारपासून मुलाला पाठवणं बंद केलं तर चालेल ना?

उत्तर : ताई, राग अगदी समजतो, ते बूट बघून तर कोणाचंही डोकं फिरेल. तरी नाही चालणार. पोटगी आणि भेट ह्या कायद्यात दोन वेगळ्या फायली आहेत, तो एक मोडतोय म्हणून तुम्ही दुसरी मोडलीत की पुढच्या तारखेला सात महिने बाजूला राहतात आणि चर्चा तुम्ही मूल का आणलं नाही ह्यावर होते. तो त्याचीच वाट बघत असेल कदाचित. २०१७ च्या एका निकालात सुप्रीम कोर्टाने मुलाला दुसऱ्या पालकाविरुद्ध फिरवण्यावर बरंच लिहिलंय, त्या केसमध्ये ते बापाच्या बाजूने घडत होतं आणि मुलगी आईला दिली गेली, पण तो मुद्दा उलट्या दिशेनेही लागतो.

तेव्हा शनिवारी अकराला पाठवा आणि सोमवारी वसुलीचा अर्ज टाका. तुमची ऑर्डर जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ ची, म्हणजे आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १४४ ची असेल तर लक्षात ठेवा, थकलेल्या रकमेसाठी वॉरंट हवं तर ती रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो, तुमचे सात महिने झालेत म्हणजे अजून मुदतीत आहात. महिन्याची रक्कम थकवली तर एक महिन्यापर्यंत तुरुंगात टाकायची तरतूद त्याच कलमात आहे. अर्जाला बँकेचं स्टेटमेंट जोडा, शेवटचा हप्ता आला ती ओळ पेनने अधोरेखित करून. आणि त्या बुटांचं बिल मुलाच्या पिशवीत खोक्यासोबत आलं असेल तर फेकू नका, त्याची पण झेरॉक्स लावा.